दोष दिव्याचा

…नाही, इंजिनाचं नाव काढू नका, इंजिन त्या गाडीचं आजही ठणठणीत आहे, टायरं बरी होती, ब्रेक तर असा की दाबला की मागच्या शिटावरची माणसं पुढच्यांच्या खांद्यावर, आणि तरीसुद्धा गाडी माणसाच्या अंगावर गेली, आणि माणूस तरी कोण, तर सख्खी थोरली बहीण! मग मला सांगा, दोष कुणाचा? तर म्हणे दिव्याचा. समोरच्या हेडलाईटचा. त्या उन्हाळ्यात बिडकीनच्या स्टँडवर कुणालाही विचारायचं, चहावाला असो, पंक्चरवाला असो, माझ्या खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेलं गिऱ्हाईक असो, सगळे एका सुरात… दोष दिव्याचा. आणि तुम्हाला सांगतो, मीही तेच म्हणत होतो. वस्तरा हातात धरून, अगदी छातीठोकपणे म्हणत होतो.

पण थांबा, ती गाडी हाकणारा मुंजाबा कोण ते कळल्याशिवाय तुम्हाला यातलं काही कळायचं नाय.

मुंजाबा आमच्या बिडकीनजवळच्या वाडीतला. घर मेंढपाळाचं. बाप मेंढरांमागं, आजा मेंढरांमागं. आई गेली तेव्हा हा तीन वर्षांचा, आणि थोरली बहीण बानाबाई तेरा-चौदाची. तिनं याला पाठीला बांधला आणि पैठणच्या रानापासून पार गंगथडीपर्यंत हिंडवला. याला चालायला आलं ते मेंढरांच्या मागं, आणि ताप आला की ही त्याला कोकरासारखी खांद्यावर टाकून दवाखाना शोधत फिरायची. पुढं दोघांची लग्नं झाली, बापाची मेंढरं वाटून घेतली, सगळं रीतसर. मग आला बाराचा दुष्काळ. आठवतो ना? झाडाला पाला नाय, जमिनीला ओल नाय, आणि तिकडं औरंगाबाद… आता संभाजीनगर म्हणायचं, पण तेव्हा औरंगाबादच… तर ते शहर आपलं रोज एकेक मळा गिळत आमच्याकडं यायला लागलेलं. मोजणीवाले आले, खुंट्या ठोकल्या, चौपदरी रस्ते पडले. मुंजाबानं विचार केला, मेंढरं चारायची कुठं, रस्त्यावर? विकून टाकली. गाडी शिकला, आणि दोन हातांतून आलेली एक पांढरी सात शिटांची गाडी घेतली. बिडकीन ते रेल्वे स्टेशन, स्टेशन ते बिडकीन. बानाबाईनं मात्र मेंढरं सोडली नाय. नवरा वारला तरी सोडली नाय. पन्नास डोकी घेऊन ती आपली एकटी, पाणी दिसेल तिकडं.

आता त्या गाडीला सावली कुठली? सात वर्षं उन्हात उभी. स्टेशनवर ऊन, वाटेत चितेगावला ऊन, दारात ऊन. तर त्या हेडलाईटची काच आधी पिवळी झाली, मग दुधाळ झाली, मग अशी झाली की चहाची गाळणी बरी. दिवा लावला की आत उजेड कोंडून बसायचा, बाहेर म्हणून यायचा नाय. सगळे सांगायचे त्याला. साळूबाई, म्हणजे त्याची बायको, ती सांगायची. मी सांगायचो. मुंजाबा म्हणायचा, रस्ता पाठ आहे मला. आणि रस्ता होताही पाठ त्याला, बरं का… पण रस्त्यावर कोण येणार ते कसं पाठ असणार?

एकोणीसचा चैत्र. पुन्हा दुष्काळ, बारापेक्षा बेकार. जायकवाडीचं पाणी पार तळाला गेलेलं, मेंढरंवाले सगळे तिकडं गाळात उतरलेले, कारण तिथं जरा हिरवं होतं. बानाबाई आपली मेंढरं घेऊन त्याच बाजूला निघालेली. वाडीच्या पुढं तो कारखान्यांसाठी केलेला नवा रस्ता आहे ना, दुतर्फा खांब उभे, खांबांवर दिवे नाहीत, दिव्यांखाली कारखाने नाहीत… तिथं ती मेंढरं पलीकडं घेत होती. दिवस नुकताच बुडालेला. आणि इकडून मुंजाबा आला, पाच माणसं भरून.

शेवटच्या क्षणाला ब्रेक लागला. मागची माणसं पुढच्यांवर पडली. गाडी थांबली ती एका मेंढीला उडवून, आणि बानाबाईला कमरेत धक्का देऊन. ती पडली. हातातली काठी मोडली, कोपर सोलून निघालं. मेंढीचा पुढचा पाय मोडला.

मुंजाबा दार उघडं टाकून उतरला. बानाबाई उठून बसली, आधी मेंढीकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं, आणि मग त्याच्याकडं. ओरडली नाय. शिवी नाय. एवढंच विचारलं,

"मुंजा, मी दिसले नाय का रं तुला?"

आणि मुंजाबा म्हणाला, "अक्का, दिव्यांची काच मळलीय. उजेडच पडत नाय."

आता बघा काय केलं त्या बाईनं. ती उठली, लंगडत गाडीच्या तोंडाशी आली, आणि पदरानं दिवा पुसायला लागली. ज्या गाडीनं आत्ता पाडली, तिचाच दिवा! पुसला, फुंकर मारली, पुन्हा पुसला. काही जाईना. तेव्हा म्हणाली, "व्हय की. लई मळलेत." आणि मेंढी उचलून खांद्यावर घेतली आणि बाकीच्यांना हाकत निघून गेली. मुंजाबा म्हणत होता दवाखान्यात चल, ती म्हणाली मेंढरं काय तुझ्या पाच माणसांच्या मांडीवर बसवून नेऊ? आणि गेली.

झालं. तिथून त्या माणसाच्या डोक्यात दिवा शिरला. जेवण नाय, धड बोलणं नाय. दिवे साफ करायचे म्हणजे करायचेच.

आणि आमच्याकडं सल्ला द्यायला तर काय, माणसं दबा धरूनच बसलेली असतात. एक म्हणाला टूथपेस्ट लाव. मुंजाबानं घरातली सगळी ट्यूब पिळून दोन्ही दिव्यांवर थापली आणि फडक्यानं घासली. दिवे तेवढे पुदिन्याच्या वासाचे झाले. घरातली पोरं चार दिवस राखेनं दात घासत होती आणि साळूबाई म्हणत होती, गाडीच्या तोंडाचा वास यायला लागला होता का? दुसरा म्हणाला लिंबू आणि सोडा. लिंबू त्या दुष्काळात सोन्यासारखं, तरी आणलं. काही नाय. तिसरा म्हणाला डासांवर मारायचा फवारा मार, आणि नवल सांगतो, मारल्या मारल्या काच आरशासारखी! मुंजाबा हरखला, सगळ्या स्टँडला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर पहिल्यापेक्षा जास्त पांढरी, वर चिकट, आणि त्यावर चितेगावच्या रस्त्याची सगळी धूळ येऊन बसलेली. मी म्हणालो, मुंजाबा, नवेच दिवे बसव ना. तर म्हणाला, नाय, हेच साफ करायचे. हट्ट काय तो! मला तेव्हा वाटलं, चिक्कूपणा. आता कळतं तो चिक्कूपणा नव्हता.

शेवटी तो गेला शहरात, शहागंजला. तिथं घड्याळाच्या मनोऱ्यापासून आत एका गल्लीत गफ्फारभाईंचं दुकान आहे, जुन्या गाड्यांचं सामान. म्हातारा माणूस, डोळ्यावर जाड चष्मा, घाई म्हणून नाय. त्यांनी बाहेर येऊन दिव्यावरून अंगठा फिरवला, आणि अगदी डॉक्टरनं सांगावं तसं सांगितलं, "मुंजाभाई, ये कांच नई है, पिलास्टिक है. धूप में इसकी चमडी जल गई. जली हुई चमडी उतारना पडता, तब अंदर की अच्छी निकलती."

आणि मग तीन प्रकारचे पॉलिश पेपर काढून दिले. पहिला जाडसर, दुसरा बारीक, तिसरा तर हाताला लागतसुद्धा नाय इतका मऊ. तिन्हींनी ओळीनं घासायचं, मग डबीतलं पॉलिश लावून फडक्यानं चोळायचं, आणि सगळ्यात शेवटी एका बाटलीतला पातळ लेप द्यायचा, म्हणजे पुन्हा उन्हानं जळत नाय. सगळं नीट समजावलं. आणि वर म्हणाले, एक गोष्ट लक्षात ठेव, पेपर सुका चालवायचा नाय. पाण्याची धार पाहिजे, एकसारखी, आणि पाणी स्वच्छ पाहिजे. मातीचा एक कण आला तर सगळा दिवा ओरखडला म्हणून समज. मुंजाबानं विचारलं, इथंच करून द्या की. गफ्फारभाईंनी दुकानातला कोरडा माठ वाकडा करून दाखवला. शहागंजमधे सातव्या दिवशी नळ येत होता तेव्हा.

म्हणजे घ्या! सगळं मिळालं, पेपर मिळाले, पॉलिश मिळालं, आणि अडलं कशाला? पाण्याला! वाडीत टँकर चौथ्या दिवशी. दोन ड्रम एका घराला. साळूबाई त्या ड्रमवर झाकण ठेवायची, झाकणावर पाटा ठेवायची, आणि पाट्यावर नजर ठेवायची. तिच्याकडं दिव्यासाठी पाणी मागायची मुंजाबाची काय छाती! तो गेला त्या नव्या रस्त्यावर. तिथं दुभाजकात फुलझाडं लावलेली आणि त्यांना रोज टँकरनं पाणी… हो, माणसाला चौथ्या दिवशी, फुलाला रोज, आता कुणाला काय म्हणणार. टँकरवाला भला माणूस, त्यानं अर्धा कॅन भरून दिला. घरी आणून गाळला तर फडक्यावर बोटभर गाळ, आणि वास असा की मेंढी तोंड लावणार नाय. ओतून टाकला.

तो दारात कॅन पालथा घालून बसला तेव्हा साळूबाईनं विचारलं, एवढं काय त्या दिव्याचं? आणि त्यानं सांगितलं. तोवर घरी सांगितलंच नव्हतं त्यानं. अक्काला गाडी लागली, अक्का पडली, मेंढीचा पाय मोडला, दिव्यांमुळं. साळूबाई उठली, पाटा उचलला, झाकण काढलं, आणि एक कळशी भरून आणून गाडीपुढं ठेवली. म्हणाली, माझ्या अंघोळीचं आहे, अक्कांसाठी देतेय.

सकाळी उजाडायला बसले दोघं. तो घासतोय, ती तांब्यानं बारीक धार धरतेय, पाहुण्याच्या हातावर पाणी घालावं तशी. खाली घमेलं, थेंब वाया नको म्हणून. आधी पिवळं पाणी आलं, मग पांढरं, दुधासारखं. आणि पहिला पेपर झाल्यावर दिवा पुसून बघतात तर… सगळा पांढराफटक! आधी निदान मिणमिणता तरी उजेड दिसायचा, आता काहीच नाय. मुंजाबानं पेपर खाली टाकला. साळूबाई म्हणाली, तुमच्या त्या भाईंनी काय सांगितलं होतं, तीन पेपर ना? मग तिन्ही करा आणि मग रडा. दुसरा केला. तिसरा केला. कळशी तळाला गेली. बोटांची सालं निघाली त्याच्या, तरी घासतोय. मग पॉलिश चोळलं, आणि हळूहळू, तुम्हाला सांगतो, त्या काचेतून आतलं दिसायला लागलं. आतली चंदेरी वाटी दिसली, बल्ब दिसला, आणि बल्बच्या शेजारी एक मेलेली गांधीलमाशी दिसली, कधीपासून होती कोण जाणे. वरून लेप दिला, वाळू दिला. साळूबाई वाकून बघत होती, तिला त्यात स्वतःचं तोंड दिसलं. घमेल्यातलं पाणी तिनं अंगणात शिंपडलं आणि अंघोळ न करताच चुलीपुढं बसली.

मुंजाबा गाडी घेऊन स्टँडवर आला तर आम्ही सगळे बघायला जमलो. नवरीकडं बघावं तसे बघत होतो. मी म्हणालो, आता झालं मुंजाबा, दोष गेला. मला वाटलं हसेल, तर त्याचं तोंड उतरलं.

आणि नेमके तेव्हाच पुंडलिक मास्तर आले. रिटायर माणूस, रोज शहरात लेकाकडं जातात, कायम पुढची शीट. त्यांनी दिव्यांकडं बघितलं, म्हणाले छान केलंस. पुढं बसले, दार लावलं, आणि तळहात पसरून म्हणाले,

"आता फोन दे इकडं. स्टेशन येईपर्यंत माझ्याजवळ राहील."

मुंजाबानं मान खाली घालून फोन दिला.

आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. फोन? फोनचं काय मधेच? अन् मग एकेकाच्या टाळक्यात उतरायला लागलं. अहो, दिवस *नुकताच* बुडाला होता! चैत्रातली संध्याकाळ, दिवा न लावतासुद्धा अर्धा कोस दिसतं. पन्नास मेंढरं, त्यांची धूळ, पुढं एक उभी बाई… याला दिवा लागतो का? एकालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि मी, दिवसभर त्याच गप्पा मारणारा, मीही विचारलं नव्हतं. मास्तर त्या दिवशीही पुढच्याच शिटावर होते. त्यांनी काय बघितलं होतं ते आम्हाला मागाहून कळलं. मुंजाबाच्या हातात फोन होता, आणि फोनमधे फोटो होता एका नव्या कोऱ्या नऊ शिटांच्या गाडीचा, कुणा दलालानं पाठवलेला. बोटानं तो मोठा करून बघत होता. शिटा मोजत होता. मास्तर "अरे" म्हणाले आणि तेवढ्यात धक्का बसला. पंधरा दिवस ते कुणापाशी बोलले नाहीत. म्हणत असतील, स्वतः सांगेल.

म्हणून तो दिवे बदलत नव्हता, कळलं का? बदलायला एक तास लागला असता. याला ते स्वतःच्या हातानं, बोटं सोलेपर्यंत घासायचे होते.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गाडी न लावता तो ती घेऊन जायकवाडीकडं गेला, दुपारी. पाणी आटलेल्या गाळावर बानाबाईचा मुक्काम होता. मेंढीच्या पायाला बांबूच्या कांब्या बांधलेल्या, ती तीन पायांवर चरत होती. बानाबाईचं कोपर अजून सुजलेलं, चहाचं भांडं ती डाव्या हातानं उचलत होती. मुंजाबानं तिला गाडीपाशी नेलं, दिवे दाखवले. तिनं हात फिरवला, म्हणाली काय गुळगुळीत केलेस रं. आणि तेवढ्यावर तो बोलून गेला. दिवे मळले होते ते खरं, पण तू दिसली असतीस. मी बघतच नव्हतो. फोन बघत होतो.

बानाबाईनं दिव्यावरचा हात काढून घेतला. वाऱ्यानं गाळावरची धूळ उडत होती, तिकडं बघत बसली. मग म्हणाली,

"अन् म्या गेले पंधरा दिवस जो भेटंल त्याला सांगत फिरले. मेंढरंवाल्यांला, ढाकेफळच्या दुकानदाराला, सोयऱ्यांला. म्हणलं, माझ्या भावाला बोल लावू नगा, त्याचा दोष नाय, दिव्याचा हाय. आता येवढ्या लोकांला परत जाऊन कोण सांगायचं?"

मुंजाबा म्हणाला, "मी सांगतो, अक्का."

"सांग मंग," ती म्हणाली. आणि परत चुलीपाशी येऊन त्याच्या पुढं चहा सरकवला.

आणि तुम्हाला सांगतो, सांगत फिरला तो! ढाकेफळला गेला, सोयऱ्यांकडं गेला, मेंढरंवाल्यांच्या तळावर गेला. घरी साळूबाईला सांगितलं. तिनं त्या दिवशी कळशीबद्दल काही काढलं नाय, पण दोन दिवस त्याच्याशी बोललीही नाय. माझ्याकडं आला, खुर्चीत बसला, अर्धी दाढी झाली आणि म्हणाला, थांब, एक सांगायचंय. सांगितलं. मी वस्तरा खाली ठेवला.  आणि गंमत काय, निम्म्या लोकांना पटेचना! लोक त्याचीच समजूत घालायला लागले. असू दे रे मुंजाबा, मनाला लावून घेऊ नकोस, दिवेच तसे होते तुझे, आम्ही बघितले होते ना… दोष दिव्याचाच! हा कळवळून सांगतोय माझा दोष, आणि ते याच्या पाठीवर हात फिरवतायत. असा माणूस बघितलाय तुम्ही, ज्याला स्वतःची चूक लोकांच्या गळी उतरवायला घरोघरी फिरावं लागलं?

मग मृगात चार थेंब पडले, मेंढरं माघारी फिरली. मुंजाबा शहरातून येत होता, गाडी भरलेली, अंधार चांगला दाटलेला, आणि नव्या रस्त्यावर त्याचे दिवे असे पडलेले की दुभाजकातलं एकेक फूल मोजून घ्यावं. समोरून येणारे गाडीवाले शिव्या घालत होते, डोळे फोडतो का म्हणून. आणि लांबून, चांगलं दोनशे पावलांवरून, त्याला बानाबाई दिसली. तिची मेंढरं दिसली, ती तीन पायांची आता चार पायांवर चालणारी मेंढी दिसली, सगळं सगळं दिसलं.  त्यानं गाडी हळू केली, अगदी हळू, आणि तो सगळा उजेड तिच्या वाटेवर अंथरला.

तर मेंढरं जागच्या जागी थिजली. लख्ख उजेडात एक पाऊल टाकेनात. पन्नास जोड डोळे नुसते हिरवे चमकतायत. बानाबाईनं डोळ्यांवर आडवा हात धरला आणि दुसऱ्या हातानं खूण केली… इझव, इझव ते!

इझवले. करतो काय? मागून एस.टी. बोंबलतीय, आतली माणसं कुरकुरतायत, आणि एवढ्या पाण्याचे, एवढ्या कष्टाचे दिवे बंद करून मुंजाबा वाडी येईपर्यंत बहिणीच्या मागं मागं, अंधारात, पहिल्या गिअरवर.